शितावरून विश्वाची परीक्षा

2025 च्या एप्रिल महिन्यात केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 124 प्रकाशवर्षे दूर असलेल्या के2-18बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या एका वायूच्या खुणा दिसत असल्याचे जाहीर केले. पृथ्वीवर हा वायू मुख्यत्वे समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. किनाऱ्यावरच्या वाऱ्याला जो ओळखीचा वास येतो, त्यात त्याचाही वाटा असतो. दुसऱ्याच दिवसापासून ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली’ असे मथळे दिसू लागले आणि पाठोपाठ नेहमीचा वाद पेटला. एका बाजूचे म्हणणे असे, की एवढ्या अफाट विश्वात आपण एकटेच असणे शक्यच नाही. दुसऱ्या बाजूचे असे, की कोणी असते तर एव्हाना दिसले नसते का? दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलत होते, पण त्या ग्रहाच्या वातावरणात नेमके काय मोजले गेले, हे सांगण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

माझे मत आधीच मांडतो. पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असण्याची शक्यता किती, याचा आकडा आज कोणाकडेही नाही; तो केवळ विश्वाच्या विस्तारावरून काढता येत नाही आणि केवळ आकाशातील शांततेवरूनही काढता येत नाही. तरीही हा शोध पूर्ण ताकदीने चालला पाहिजे, कारण हजारो वर्षे श्रद्धेच्या आणि तर्कटाच्या हाती असलेला हा प्रश्न आपल्या हयातीत मोजमापाच्या हाती आला आहे. ज्यांना हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो, त्यांनी ‘माहीत नाही’ या उत्तराशी काही काळ थांबण्याची तयारी ठेवली पाहिजे, आणि नेमके काय माहीत नाही हेही बारकाईने सांगितले पाहिजे.

विश्वाच्या विस्ताराचा मुद्दा मी हलका मानत नाही. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह 1995 साली सापडला आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये खातरजमा झालेल्या परग्रहांची संख्या 6000 च्या पुढे गेली. आपल्या आकाशगंगेत किमान 100 अब्ज तारे आहेत आणि बहुतेकांना ग्रह असावेत, असे आता दिसते. जीवनाला लागणारा कच्चा मालही दुर्मीळ नाही. बेन्नू या लघुग्रहावरून 2023 साली पृथ्वीवर आणलेल्या मातीत, सजीवांची प्रथिने ज्या 20 अमिनो आम्लांची बनतात त्यांतली 14 आढळली आणि डीएनए-आरएनएमधले पाचही पायाभूत घटक आढळले. जीवसृष्टीची सामग्री अशी सूर्यमालेत विखुरलेली असताना शिजवणारी चूल फक्त आपल्याच घरी पेटली असेल, हे मनाला पटत नाही. मलाही पटत नाही. पण मनाला न पटणे हा पुरावा कधीपासून झाला?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती बरोबरही ठरते. ती का बरोबर ठरते? सगळी शिते एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात, आणि परीक्षा करणारीने त्यांतले कोणतेही एक उचलून बोटांत दाबून पाहिलेले असते. पृथ्वीवरून विश्वाची परीक्षा करताना यांतली एकही अट पाळली जात नाही. आपण शीत निवडलेले नाही. आपणच ते शीत आहोत. ज्या ग्रहावर जीव निर्माण झालाच नाही, तिथे हा प्रश्न विचारायला कोणी नसते. त्यामुळे जीवसृष्टी दर दुसऱ्या ग्रहावर असो किंवा अख्ख्या आकाशगंगेत एकदाच झालेली असो, प्रश्न विचारणाऱ्याला आपल्या पायाखालचे शीत नेहमी शिजलेलेच दिसणार. आकाशगंगेत संदेश पाठवू शकणाऱ्या संस्कृती किती असतील, याचा अंदाज बांधण्यासाठी फ्रँक ड्रेक यांनी 1961 साली मांडलेल्या सुप्रसिद्ध समीकरणाकडे या नजरेने पाहावे. त्यातील ताऱ्यांच्या आणि ग्रहांच्या संख्या खगोलशास्त्राने बऱ्याच अंशी भरून दिल्या आहेत. ‘अनुकूल ग्रहावर जीव प्रत्यक्ष निर्माण होण्याचे प्रमाण’ ही जागा मात्र आजही कोरी आहे. ते प्रमाण दहात एक असेल किंवा अब्जाच्या अब्जांत एक असेल. आणि अज्ञात संख्येला कितीही मोठ्या संख्येने गुणले तरी उत्तर अज्ञातच राहते.

यावर एक खरोखर बळकट उत्तर दिले जाते. पृथ्वीचे वय सुमारे 4.5 अब्ज वर्षे आहे आणि ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात सूक्ष्मजीवांच्या थरांचे सुमारे 3.5 अब्ज वर्षांपूर्वीचे अवशेष मिळतात. म्हणजे ग्रह थंड होऊन स्थिरस्थावर झाल्यावर, भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने पाहता, जीव लवकर अवतरला. जी गोष्ट इतक्या लवकर घडली ती सोपीच असली पाहिजे, नाही का? या युक्तिवादात वजन आहे आणि माझा कल जर कशाने झुकत असेल तर तो यानेच झुकतो. पण इथेही पाहणाऱ्याची जागा विसरून चालत नाही. त्या पहिल्या जीवापासून विचार करणारा प्राणी घडायला साडेतीन अब्ज वर्षे लागली आणि सूर्य हळूहळू प्रखर होत असल्यामुळे पृथ्वीवरची अनुकूल परिस्थिती आणखी साधारण एक अब्ज वर्षेच टिकेल. सुरुवात उशिरा झाली असती, तर ती उशिरा झाली म्हणायला आपण उरलो नसतो. तेव्हा ‘लवकर’ या साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, पण एकट्या त्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

दुसरा लोकप्रिय पुरावा आपल्या अंगणातला आहे. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आहे. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचाच असल्यामुळे तिकडच्या विवरांच्या अभ्यासकांनाही लोणार जवळचे वाटते. मी विवराच्या काठावरून उतरून कमळजादेवीच्या देवळापाशी पाण्याच्या कडेला गेलो होतो, तेव्हाचे मला आजही लख्ख आठवते. वाळलेल्या चिखलावर पांढरट क्षारांचा पापुद्रा धरलेला, नाकात गंधकाचा कुजकट दर्प, आणि पाण्यात बोट बुडवून चोळले की साबण लावल्यासारखा बुळबुळीतपणा. त्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास असतो. अशा पाण्यात काय जगणार, असे वाटते. पण 2020 च्या जून महिन्यात हेच सरोवर गुलाबी झाले, तेव्हा त्याचे कारण मिठात वाढणारे सूक्ष्मजीवच निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासून सांगितले. जीव इतका चिवट असेल तर तो मंगळावर का नसावा, असा प्रश्न लोणार पाहिलेला कोणीही विचारेल. तरीही या उदाहरणातून जे सिद्ध होते ते वेगळेच आहे. लोणारचे जीव लोणारमध्ये जन्मलेले नाहीत. पृथ्वीवर आधीच असलेली जीवसृष्टी त्या खाऱ्या, अल्कलीयुक्त पाण्यात शिरली आणि पिढ्यान्‌पिढ्या बदलत तिथे रुळली. एकदा पेटलेला विस्तव वादळातही धुमसत राहतो, हे लोणार दाखवते. ओल्या लाकडावर पहिली ठिणगी कशी पडली, याबद्दल ते काहीच सांगत नाही. टिकून राहणे आणि निर्माण होणे हे दोन प्रश्न आहेत, आणि आपल्या चर्चांमधला निम्मा गोंधळ ते एकच समजल्यामुळे होतो.

आता नकाराच्या बाजूचे. 1950 साली लॉस अलामॉस येथे जेवणाच्या टेबलावर भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी ‘मग सगळे आहेत कुठे?’ असे विचारले, आणि तेव्हापासून आकाशातील शांतता हाच जीवसृष्टी नसल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. ही शांतता खरी आहे, आणि आकाशगंगा प्रगत संस्कृतींनी गजबजलेली आहे असे मानणाऱ्यांना तिचे उत्तर द्यावेच लागेल. पण तो प्रश्न यंत्रे बनवणाऱ्या, संदेश पाठवणाऱ्या संस्कृतींचा आहे. पृथ्वीचेच उदाहरण घ्या. साडेतीन अब्ज वर्षांच्या जीवनेतिहासात रेडिओ संदेश पाठवण्याचा काळ जेमतेम सव्वाशे वर्षांचा. वातावरणात प्राणवायू साठू लागला तोही सुमारे 2.4 अब्ज वर्षांपूर्वी. त्याआधीचे एक अब्जाहून अधिक वर्षांचे सजीव जग दूरच्या निरीक्षकाला रेडिओवर ऐकू आले नसते आणि त्याच्या हवेत प्राणवायूही दिसला नसता. त्या काळात कोणी आपल्याकडे पाहून ‘तिथे कोणी नाही’ असा निष्कर्ष काढला असता, तर तो साफ चुकला असता. शेवाळाने पत्राला उत्तर दिले नाही, म्हणून शेवाळ नाही असे म्हणता येईल का?

मग मोजमाप कशाचे करायचे? दूरच्या ग्रहांच्या बाबतीत आपल्या हाती फक्त प्रकाश असतो, आणि प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याच्या कलेला सुमारे 160 वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास या वादात कोणी आठवत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण आजच्या प्रत्येक प्रश्नाची तालीम त्यात होऊन गेली आहे. रसायनशास्त्र शिकवताना मी दरवर्षी मुलांना मिठाचा खडा बर्नरच्या ज्योतीत धरून दाखवत असे. ज्योत पिवळीजर्द होते, आणि प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शकातून पाहिले की त्या पिवळेपणाच्या दोन बारीक, शेजारीशेजारी उभ्या रेषा दिसतात, त्या सोडियमच्या. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूरला आलेले फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आणि इतर निरीक्षक यांना सूर्याच्या कडेच्या ज्वालांमध्ये एक पिवळी रेषा दिसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, नॉर्मन लॉकियर यांनीही ती पाहिली. ती सोडियमच्या रेषांच्या अगदी जवळ होती, पण त्यांच्यावर बसत नव्हती. अंतर दोन नॅनोमीटरहूनही कमी. हे पृथ्वीवर अज्ञात असलेले मूलद्रव्य आहे असे म्हटले गेले आणि त्याला हेलियम हे नाव मिळाले. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी ते मानले नाही. अखेर 1895 साली विल्यम रॅम्झी यांना क्लिव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा 27 वर्षांचा वाद मिटला.

(हेलियमचा शोध 1868 साली विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, असे आपल्याकडे सांगितले जाते. लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरे आहे, पण ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. 1868 च्या ऑगस्टमध्ये ते इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गाचा अभिमान वाटायला 1898 ची खरी हकीकत पुरेशी आहे. आवडती गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांची गल्लत परग्रहांबाबतच होते असे नाही, म्हणून हे सांगितले.)

आता या कथेचा सहसा न सांगितला जाणारा भाग. हेलियमच्या आगेमागेच आणखी दोन अनोळखी रेषा दिसल्या होत्या. 1864 साली विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघात हिरव्या रेषा दिसल्या आणि त्यांवरून ‘नेब्युलियम’ हे मूलद्रव्य कल्पिले गेले. 1869 च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली आणि तिच्यावरून ‘कोरोनियम’ आले. तर्क तिन्ही वेळा एकच होता: ज्या अर्थी ही रेषा आपल्या ओळखीच्या कोणत्याही पदार्थाची नाही, त्या अर्थी हा नवा पदार्थ असला पाहिजे. 1927 साली आयरा बोवेन यांनी दाखवले, की नेब्युलियम म्हणजे अत्यंत विरळ अवस्थेतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला प्राणवायू आहे. 1940 च्या सुमारास कोरोनियमही उलगडले. ते निघाले लोखंड, लाखो अंशांच्या उष्णतेने 13 इलेक्ट्रॉन गमावलेले. म्हणजे एकाच तर्कातून निघालेल्या तीन निष्कर्षांपैकी एक खरा ठरला आणि दोन खोटे. खोटे ठरलेले दोन्ही मूर्खपणाचे नव्हते; ओळखीचे पदार्थ अनोळखी परिस्थितीत कसे वागतात, एवढेच तेव्हा माहीत नव्हते.

के2-18बीच्या बाबतीत आपण नेमके याच वळणावर उभे आहोत. 2019 साली हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तिथे पाण्याची वाफ असल्याचे सांगितले गेले. 2023 साली जेम्स वेब दुर्बिणीच्या नजरेला तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले, आणि आधीचा पाण्याचा समजलेला ठसा बहुधा मिथेनचाच असावा असे लक्षात आले. 2025 च्या दाव्यासोबत ‘99.7 टक्के खात्री’ हा आकडा सर्वत्र फिरला आणि वाचणाऱ्यांनी तो जीवसृष्टीच्या खात्रीचा मानला. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की तो वायू मुळीच नसताना केवळ मोजमापातील चढउतारांमुळे असा संकेत दिसण्याची शक्यता सुमारे 0.3 टक्के आहे. शोध लागला म्हणण्यासाठी भौतिकशास्त्रात यापेक्षा कितीतरी कडक कसोटी लावतात. शिवाय इतर गटांनी हीच निरीक्षणे निराळ्या पद्धतींनी तपासली, तेव्हा त्यांना हा संकेत ठाम वाटला नाही. आणि समजा वायू आहे, तरी पुढे काय? हाच वायू 67पी या धूमकेतूवर सापडला आहे, आणि धूमकेतूवर समुद्री वनस्पती नसतात. पृथ्वीच्या अडीचपट त्रिज्येचा, साडेआठपट वस्तुमानाचा, बहुधा हायड्रोजनने वेढलेला तो ग्रह. तिथले रसायन कसे चालते, हे आपल्याला कितीसे ठाऊक आहे? तो संकेत हेलियम निघेल की कोरोनियम, हे आज सांगता येत नाही. मधुसूदन यांच्या गटाने तो मांडला यात काही गैर नाही. कोणीतरी पहिली रेषा दाखवल्याशिवाय दुसऱ्याला ती तपासता येत नाही.

अशा काटेकोरपणामुळे लोकांचा उत्साह मावळतो, असा एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो कळकळीने घेतला जातो. त्याला उत्तर म्हणून मी जयंत नारळीकरांचे काम पुढे करतो. जीवनाचे बीज अंतराळातून आले असावे, या फ्रेड हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे यांच्या कल्पनेबद्दल नारळीकरांना आस्था होती, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी ती व्याख्यानांत सांगून सोडून दिली नाही. इस्रोच्या साहाय्याने हैदराबादहून 2001 आणि 2005 साली फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणवले आणि ते हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासून घेतले. 2005 च्या नमुन्यांत सूक्ष्मजीवांच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले. 2009 साली हे जाहीर करताना इस्रोने स्पष्ट लिहिले, की या सूक्ष्मजीवांचा उगम पृथ्वीबाहेरचा असल्याचे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटाच्या नावाची जात जमिनीवरच्या मातीतही आढळली. या सावधपणाने महाराष्ट्रातील किती मुलांचा उत्साह मावळला? माझ्या वर्गात तरी उलटेच होत असे. फुगा कसा सोडतात, नळ्या निर्जंतुक कशा ठेवतात, खालचे जंतू वर चिकटून गेले नसतील कशावरून, हे प्रश्न मुले तासाची घंटा झाल्यावरही विचारत राहत.

खर्चाचा आक्षेप मी थोडक्यात घेतो. मंगळयानाला सुमारे 450 कोटी रुपये लागले, म्हणजे माणशी साडेतीन रुपयेही नाहीत. गरिबी आणि रस्ते यांचे प्रश्न खरे आहेत, पण ते या साडेतीन रुपयांमुळे अडलेले नाहीत.

खरा पेच वेगळा आहे आणि तो आपल्या शेजारीच आहे. जुलै 2024 मध्ये पर्सिव्हिअरन्स या बग्गीला मंगळावरच्या जेझेरो विवरात, कोरड्या पडलेल्या एका नदीपात्रात, बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके असलेला खडक दिसला. त्या ठिपक्यांत लोहाची अशी खनिजे असावीत, जी पृथ्वीवर अनेकदा सूक्ष्मजीवांच्या व्यवहारातून तयार होतात. जीवाविना तयार होण्याचे मार्गही आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये त्यावर सविस्तर शोधनिबंध आला आणि त्यात ‘संभाव्य’ हा शब्द काळजीपूर्वक वापरलेला आहे. खडकाचा नमुना नळीत बंद करून ठेवला आहे, पण तो पृथ्वीवर आणण्याची मोहीम अवाढव्य खर्चापायी रखडली आहे. समजा, उद्या तो आला आणि त्यात खरोखर जीवाचे अवशेष सापडले. मग आपल्याला दुसरे शीत मिळाले का? घाईने हो म्हणता येणार नाही. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमध्ये गया जिल्ह्यातील शेरघाटी येथे सुमारे पाच किलोची एक उल्का पडली. तो मंगळाचाच तुकडा होता, हे शंभराहून अधिक वर्षांनी उमगले, आणि त्या जातीच्या सगळ्या उल्का आज शेरघाटीच्या नावाने ओळखल्या जातात. मंगळावरचे दगड जर आपल्याकडे येऊन पडतात, तर अब्जावधी वर्षांपूर्वी त्यांच्यासोबत जीवही इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे गेला असू शकतो. तसे असेल तर मंगळावरचे शीत आपल्याच भांड्यातले ठरेल, आणि भाताची परीक्षा पुन्हा लांबणीवर पडेल.

म्हणूनच शनीचा एन्सेलाडस हा जेमतेम 500 किलोमीटर व्यासाचा चंद्र मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो इतका दूर आहे, की आपल्याकडचा दगड तिथपर्यंत पोहोचणे फार कठीण. 2005 साली कॅसिनी यानाने त्याच्या दक्षिण ध्रुवावरून अंतराळात उसळणारे पाण्याचे फवारे पाहिले, पुढे ते त्या फवाऱ्यांतून आरपार गेले, आणि त्याच्या मोजमापांतून बर्फाखालचा खारा समुद्र, सेंद्रिय रेणू, हायड्रोजन आणि फॉस्फेटसुद्धा उघड झाले. तिथे एखादा जंतू सापडला, तर तो आपल्यापासून स्वतंत्रपणे जन्मलेला असण्याची शक्यता मोठी असेल, आणि ड्रेक यांच्या समीकरणातील ती कोरी जागा भरायला प्रथमच काही हाती लागेल. तिथल्या पाण्याला आपल्या जंतूंचा संसर्ग लागू नये, म्हणून इंधन संपत आलेले कॅसिनी भरकटू न देता 15 सप्टेंबर 2017 रोजी मुद्दाम शनीच्या वातावरणात शिरवून जाळून टाकण्यात आले.